पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि सदसद्विवेक

प्रस्तावना

एखादी श्रद्धा मनापासून स्वीकारणे ही एक गोष्ट, आणि त्या श्रद्धेपायी आप्तस्वकीयांचा, हितचिंतकांचा रोष ओढवला असताना ती जपणे ही दुसरी गोष्ट होय. पहिल्या गोष्टीला क्षणाचे धैर्य पुरते. दुसरीला आयुष्यभराचे धैर्य लागते.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनात या दोन्ही गोष्टी घडल्या. संस्कृतच्या विदुषी म्हणून त्यांचा देशभर गौरव झाला होता. १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतरच्या सुमारे चाळीस वर्षांत त्यांना दोन दिशांनी विरोध सहन करावा लागला. आपला समाज त्यांना परकी मानू लागला, आणि ज्या चर्चमध्ये त्या गेल्या त्या चर्चच्या अधिकाऱ्यांना त्यांचे स्वतंत्र विचार पटेनात. या दोन्ही विरोधांपुढे रमाबाई कशा वागल्या, हे या पाठात पाहावयाचे आहे. हा पाठ कोणत्याही धर्माची थोरवी सांगण्यासाठी किंवा कोणत्याही धर्माचे उणे दाखवण्यासाठी लिहिलेला नाही. निष्ठा म्हणजे काय, आणि निष्ठा व हट्ट यांत फरक कोणता, हा त्याचा विषय आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• पंडिता रमाबाईंच्या जीवनातील प्रमुख घटना क्रमाने सांगता येतील;
• त्यांना झालेल्या विरोधाची कारणे दोन्ही बाजूंनी समजावून देता येतील;
• निष्ठा आणि हट्ट यांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करता येईल;
• पाठातील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करता येईल.

मूळ पाठ

१. विरोधाचा वारसा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यात गंगामूळ येथे झाला. हे स्थान आजच्या कर्नाटक राज्यात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. त्या काळी स्त्रीने संस्कृत शिकणे निषिद्ध मानले जाई. तरीही अनंतशास्त्रींनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. त्याबद्दल शास्त्रीमंडळींनी त्यांना जाब विचारला, तेव्हा त्यांनी धर्मग्रंथांतीलच आधार शोधून आपली बाजू मांडली. पटलेली गोष्ट लोकांच्या भीतीने सोडावयाची नाही आणि तिच्यासाठी आधार मात्र शोधावयाचा, हा वडिलांचा स्वभाव मुलीत उतरला. रमाबाईंना आईनेच संस्कृत शिकवले. लहान वयातच भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत झाले.

हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करी. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. त्यात रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास देशभर पायी भटकत राहिले. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरवले.

पुढे दोन वर्षांतच श्रीनिवास वारले. १८८० साली रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोघांची जात आणि प्रांत वेगळे होते. १८८१ साली मनोरमा ही कन्या जन्मली आणि १८८२ साली पती निवर्तले. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या.

२. एका प्रश्नाचा शोध

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी आयोगाला सांगितले.

बाहेर कार्य चालू असताना त्यांच्या मनात एक प्रश्न घोळत होता. शास्त्रे वाचताना त्यांना असे दिसून आले होते, की स्त्रीला स्वतःच्या पुण्याईने मोक्ष मिळण्याची वाट त्यांत जवळजवळ नाही. ज्या ग्रंथांचे पठण करून आपण पदव्या मिळवल्या, त्यांत आपल्याला आणि आपल्यासारख्या असंख्य स्त्रियांना स्थान कोठे आहे, हा तो प्रश्न होता. पती हयात असताना सिलचर येथे त्यांनी बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान वाचले होते. त्यातील कथांनी त्यांचे लक्ष वेधले होते.

१८८३ साली वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने त्या लहान मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. या भगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांचे पुनर्वसन करीत. फुलहॅम येथील त्यांचे काम रमाबाईंनी पाहिले. ज्या स्त्रियांना कोणीही जवळ करीत नाही, त्यांची सेवा या बायका का करतात, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगण्यात आली. नीच मानलेल्या जातीतील आणि कलंकित ठरलेल्या त्या स्त्रीशी येशू विहिरीकाठी आदराने बोलतो, अशी ती कथा आहे. या कथेने रमाबाईंच्या मनातील प्रश्नाला उत्तर दिले. मूळचे मराठी ब्राह्मण आणि पुढे ख्रिस्ती धर्मगुरू झालेले नीलकंठशास्त्री गोरे यांच्या लेखनानेही त्यांच्या शंकांचे निरसन होण्यास मदत झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

पाठगत प्रश्न १

(अ) अनंतशास्त्रींना शास्त्रीमंडळींनी जाब का विचारला?
(आ) रमाबाईंच्या मनात कोणता प्रश्न घोळत होता?

३. दोन्हीकडून विरोध

ही बातमी महाराष्ट्रात येऊन धडकताच मोठी खळबळ उडाली. वर्षभरापूर्वी ज्यांनी रमाबाईंचे स्वागत केले होते, त्यांना आपला विश्वासघात झाला असे वाटले. त्यांच्या रागामागे एक कारण होते. देशावर ख्रिस्ती राज्यकर्त्यांची सत्ता होती. अशा वेळी आपल्या समाजातील एक नामवंत विदुषी राज्यकर्त्यांच्या धर्मात जाते, हे अनेकांना पराभवासारखे भासले. वृत्तपत्रांनी कडक टीका केली. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’ या नियतकालिक पुस्तिकेतून रमाबाईंची बाजू घेतली.

आपल्यांनी दूर लोटल्यावर माणूस नव्या आश्रयदात्यांच्या आज्ञेत राहणे पसंत करतो. रमाबाईंनी तसे केले नाही. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार त्यांना सोडावा लागला होता. त्या चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात शिकू लागल्या आणि तेथे संस्कृतही शिकवू लागल्या. या काळात चर्चमधील वडीलधाऱ्यांशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. १९७७ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे.

त्या पत्रांत अनेक वाद आहेत. गळ्यात घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, असे रमाबाई विचारतात. आपल्या देशातील स्त्रियांना जी भाषा कळत नाही ती गळ्यात मिरवून काय साधणार, असे त्यांचे म्हणणे होते. त्या पूर्वीप्रमाणे शाकाहारी राहिल्या. यात अहंकार आहे, असा आक्षेप आल्यावरही त्यांनी आपला आहार बदलला नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. त्या वेळी रमाबाईंनी स्पष्ट कळवले, की देवाने आपल्याला स्वतंत्र विवेकबुद्धी दिली आहे आणि तिचा निर्णय आपण दुसऱ्याच्या हाती सोपवणार नाही. चर्चचे काही सिद्धांतही बायबलमध्ये स्वतः शोधल्याशिवाय मान्य करण्यास त्यांनी नकार दिला.

म्हणजे ज्या स्वातंत्र्याने त्या ख्रिस्ताकडे आल्या, तेच स्वातंत्र्य त्यांनी ख्रिस्ती झाल्यावरही राखले. विशेष असे, की इतके वाद होऊनही त्यांनी ना श्रद्धा सोडली, ना वाद घालणाऱ्या भगिनींविषयीची कृतज्ञता.

४. शारदा सदनाची कसोटी

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहणे हे त्याचे निमित्त होते. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या, विशेषतः बालविधवांच्या, दुःस्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १८८७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाले. विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे या संस्थेने ठरवले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले.

सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही असे ठरले होते. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. स्वयंपाकाची व्यवस्थाही त्यांच्या जातीच्या नियमांनुसार होती. म्हणून रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या हिंदू सुधारकांनी सल्लागार मंडळावर येण्याचे मान्य केले. अनेक पालकांनी विश्वासाने मुली पाठवल्या. येथे शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. आनंदीबाई कर्वे म्हणून त्या पुढे प्रसिद्ध झाल्या.

रमाबाई आपल्या खोलीत रोज मुलीसह प्रार्थना आणि बायबलचे वाचन करीत. खोलीचे दार उघडे असे. काही विद्यार्थिनी आपणहून येऊन बसू लागल्या. हळूहळू काहींना ख्रिस्ती धर्माची ओढ वाटू लागली. ही गोष्ट बाहेर कळताच ‘केसरी’सह अनेक पत्रांनी टीकेची झोड उठवली. सदनाच्या नावाखाली धर्मांतर चालले आहे, असा आरोप झाला. सल्लागार मंडळींची अडचण झाली. त्यांच्या शब्दावर विसंबून पालकांनी मुली धाडल्या होत्या.

रमाबाईंपुढे दोन मार्ग होते. दार लावून प्रार्थना करावी आणि कोणाला आत येऊ देऊ नये, म्हणजे वाद मिटला असता. त्यांना हे मान्य झाले नाही. मुलींना गीता वाचण्याची वा पूजा करण्याची मोकळीक आहे, तर आपली प्रार्थना ऐकण्याचीही असली पाहिजे; आपण कोणाला बोलावत नाही, पण कोणाला हाकलणारही नाही, अशी त्यांची भूमिका होती. आपली श्रद्धा चोरून जपणे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले.

१८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि सुमारे पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. त्यांतील अनेक मुली पुन्हा त्याच अंधाऱ्या घरकोनड्यांत परतल्या, ज्यांतून रमाबाईंनी त्यांना बाहेर काढले होते. निष्ठेची किंमत केवळ रमाबाईंनी मोजली नाही, या मुलींनीही मोजली. हे दुःख रमाबाईंना होते.

या प्रसंगाचा विचार करताना दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्या लागतात. मुली अजाण होत्या आणि संचालिकेच्या आश्रयाला होत्या. ज्या व्यक्तीच्या हाती अन्न, वस्त्र व विद्या आहे, तिच्या श्रद्धेचा प्रभाव न बोलताही पडतो. सल्लागारांची ही शंका निराधार नव्हती. दुसऱ्या बाजूला, ज्या समाजाने या मुलींना आयुष्यातला कोणताच निर्णय स्वतः घेऊ दिला नव्हता, त्याने प्रथमच त्यांच्या निवडीबद्दल चिंता दाखवली होती, हेही विसरता येत नाही. रानडे आणि रमाबाई दोघेही प्रामाणिक होते. म्हणूनच हा वियोग क्लेशकारक ठरला.

पाठगत प्रश्न २

(अ) क्रूसावरील लॅटिन अक्षरांना रमाबाईंनी हरकत का घेतली?
(आ) सल्लागार मंडळाने राजीनामा का दिला?

५. केडगावची माळरानावरील वस्ती

पुण्यात अशी स्थिती झाली असताना रमाबाईंनी पुण्यापासून पूर्वेस केडगाव येथे शेतजमीन घेतली. संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे, हा हेतू होता. १८९६–९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळातून वाचलेल्या रमाबाईंना स्वस्थ बसवेना. त्या तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळावर ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, शिवण, दुग्धव्यवसाय, छपाई अशी कामे स्त्रिया शिकल्या. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकवण्याची सोयही तेथे होती.

मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. शारदा सदनाच्या वेळी जो प्रश्न उभा राहिला होता, तो येथे अधिकच तीव्र होता. निराधार मुली आश्रयदात्रीचा धर्म स्वीकारतात तेव्हा ती निवड कितपत स्वतंत्र असते, असे टीकाकार विचारीत. त्याचबरोबर, दुष्काळात या मुलींना उचलून नेण्यासाठी किती हात पुढे आले होते, असा प्रश्न रमाबाईंच्या कार्यातून समाजाला विचारला जात होता. दोन्ही प्रश्न आजही विचार करण्याजोगे आहेत.

आयुष्याच्या अखेरच्या सुमारे पंधरा वर्षांत रमाबाईंनी एक अवघड काम हाती घेतले. बायबलचे मराठी भाषांतर उपलब्ध होते, परंतु त्याची भाषा खेड्यातील सामान्य स्त्रीला कठीण वाटे. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि साध्या मराठीत नवे भाषांतर केले. ज्या विदुषीने संस्कृतच्या बळावर ‘पंडिता’ ही पदवी मिळवली, तिने संस्कृतप्रचुर शब्द बाजूला ठेवून घरगुती मराठी निवडली. छपाईही मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच केली.

१९२१ साली मनोरमा वारली. आईचे कार्य पुढे नेणारी कन्या गेली, तरी भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले, त्यापूर्वी त्यांनी ते पूर्ण केले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही कार्यरत आहे.

६. निष्ठा आणि हट्ट

हट्टी माणूस प्रश्न टाळतो, कारण उत्तराने आपले मत डळमळेल अशी त्याला भीती असते. रमाबाई जन्मभर प्रश्न विचारीत राहिल्या. ख्रिस्ती झाल्यावर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना स्वतःबद्दलच शंका आली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला का, असे त्यांनी स्वतःला विचारले आणि ही शंका पुढे लेखातून प्रांजळपणे मांडली. प्रश्न विचारूनही जी टिकते, तिलाच निष्ठा म्हणतात.

हट्टी माणूस विरोधकांचा द्वेष करतो. ज्या समाजाने आपल्याला दूर लोटले, त्याच समाजातील टाकलेल्या स्त्रियांसाठी रमाबाई अखेरपर्यंत झिजल्या. त्यांनी वेश, आहार आणि भाषा यांत आपले भारतीयत्व सोडले नाही.

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकबुद्धीचे आणि आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. रमाबाईंच्या काळी असे कोणतेही कलम त्यांच्या पाठीशी नव्हते. हे स्वातंत्र्य त्यांनी आधी जगून दाखवले. ते जसे त्यांचे होते, तसेच त्यांच्याशी असहमत असणाऱ्यांचेही होते.

शब्दार्थ

सदसद्विवेकबुद्धी – बरे-वाईट ओळखण्याची मनाची शक्ती
शुभवर्तमान – येशूचे चरित्र व शिकवण सांगणारा बायबलचा भाग
बाप्तिस्मा – ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा जलसंस्कार
निरसन – शंका दूर होणे
क्रूस – येशूच्या बलिदानाची खूण असलेले ख्रिस्ती चिन्ह
मुखोद्गत – तोंडपाठ
प्रांजळपणे – मन मोकळे ठेवून, काही न लपवता

वाक्प्रचार

रोष ओढवणे – राग स्वतःवर येणे
जाब विचारणे – वर्तनाचे कारण देण्यास सांगणे
टीकेची झोड उठवणे – सर्व बाजूंनी कठोर टीका करणे
दूर लोटणे – आपल्यापासून तोडून टाकणे

तुम्ही काय शिकलात

• रमाबाईंनी विचारपूर्वक धर्म स्वीकारला आणि विरोध होऊनही तो सोडला नाही.
• त्यांनी आपल्या समाजापुढे आणि चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे एकाच विवेकाने उत्तर दिले.
• शारदा सदनाच्या वादात दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते.
• खरी निष्ठा प्रश्नांना घाबरत नाही आणि विरोधकांचा द्वेष करीत नाही.

स्वाध्याय

१. रमाबाईंना महाराष्ट्रात झालेला विरोध आणि इंग्लंडमध्ये झालेला विरोध यांची पाच-सहा वाक्यांत तुलना करा.
२. रमाबाईंनी प्रार्थनेच्या वेळी दार लावून घ्यावयास हवे होते, असे तुम्हाला वाटते का? सकारण लिहा.
३. बायबलच्या भाषांतरासाठी रमाबाईंनी साधी मराठी का निवडली?
४. वरील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या परिसरातील एखादी व्यक्ती विरोध असूनही आपल्या मतावर ठाम राहिली असेल, तर त्या प्रसंगाविषयी दहा ओळी लिहा. ती निष्ठा होती की हट्ट, हेही सांगा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) स्त्रीने संस्कृत शिकणे निषिद्ध मानले जात असतानाही त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून.
(आ) शास्त्रांमध्ये आपल्याला आणि इतर स्त्रियांना स्थान कोठे आहे, हा प्रश्न.
२. (अ) आपल्या देशातील स्त्रियांना जी भाषा कळत नाही, ती क्रूसावर मिरवण्यात अर्थ नाही असे त्यांना वाटे, म्हणून.
(आ) सदनात धर्मशिक्षण नाही या शब्दावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या. काही मुलींना ख्रिस्ती धर्माची ओढ वाटू लागल्याने त्या शब्दाला बाध येत आहे, असे मंडळाला वाटले.